पोतेरं

भाची आठ महिन्यांची होती. बहीण तिला घेऊन महिनाभर राहायला आली होती आणि त्या सकाळी मी नुकतीच फरशी पुसून हात धुतले होते. पोरगी सरपटत निघाली, खिडकीखाली थांबली, तळहाताने फरशी दोनदा थापटली आणि तो तळहात तोंडात घातला. चव पसंत पडली असावी. मग तिला हाताची मध्यस्थीही नकोशी झाली. वाकून तिने सरळ फरशीच चाटली.

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसत हसत फरशी पुसायच्या द्रवाची बाटली जागेवर ठेवायला गेलो. तिची जागा म्हणजे कपाटाची सगळ्यात वरची फळी, कारण बाटलीवर ठळक छापलेलं होतं की लहान मुलांच्या हाताशी ठेवू नये. आमच्या घरात ही सूचना कसोशीने पाळली जात होती. बाटली सहा फूट उंच, आणि बाटलीतला ऐवज रोज सकाळी घरभर पसरलेला, बरोबर पोरीच्या नाकातोंडाच्या पातळीवर.

तिला काही झालं नाही. बादलीभर पाण्यात एक झाकण एवढंच त्या द्रवाचं प्रमाण होतं, त्यामुळे होण्यासारखं फारसं नव्हतंही. पण ती फळी आणि ती फरशी एकाच घरात असल्याचं मला दिवसभर टोचत राहिलं.

एक खुलासा आधीच केलेला बरा. फरशी पुसणं हे माझं काम नव्हतं. आधी ते आईने केलं, मग बावीस वर्षं बायकोने. बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि बादली माझ्या हातात आली. नवशिक्याच्या अंगात असतो तो सगळा उत्साह माझ्या अंगात होता, आणि आता त्याला भाचीच्या जिभेचं निमित्त मिळालं. यापुढे या घरात फरशीवर विकतचं एकही रसायन पडणार नाही, असं मी त्या संध्याकाळी जाहीर केलं. आई खुर्चीत बसून जपमाळ ओढावी तशी वर्तमानपत्राची घडी घालत होती. ती म्हणाली, “बरं.” आईचं ‘बरं’ ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

पहिला मान व्हिनेगरचा. चार लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. साध्या व्हिनेगरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास अ‍ॅसेटिक आम्ल असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणीच. जड पाणी सुकून फरशीवर जे पांढुरके थर राहतात, ते क्षारांचे असतात आणि आम्लाने ते विरघळतात. आमची खोल्यांमधली फरशी सिरॅमिकची. तिच्यावर व्हिनेगरने काम झकास केलं. वास तासाभरात उडून गेला. मी दोन दिवस तरंगत होतो.

गोची झाली ती उंबरठ्यावर. दोन खोल्यांच्या मध्ये संगमरवराची एक पट्टी आहे, हातभर रुंद. तिच्यावर एक पिवळट डाग होता, बरीच वर्षं. सौम्य व्हिनेगरने तो जाईना, तेव्हा मी बाटली उपडी करून निर्भेळ व्हिनेगर त्यावर ओतलं आणि अर्धा तास फोनवर बोलत बसलो. परत येऊन पुसलं तर डाग गेलेला होता. त्याच्या जागी बशीएवढा एक मंद, खरखरीत, मेणचटलेला गोल उमटला होता. आजूबाजूचा दगड आरशासारखा आणि मधेच हा आंधळा डोळा. मी तो पुसला, परत पुसला, ओला केला. ओला असताना तो नाहीसा व्हायचा आणि सुकला की पुन्हा हजर.

त्याचं कारण शाळेच्या पुस्तकात होतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की दगडच विरघळतो, कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे निघून जातात आणि कॅल्शियम पाण्याबरोबर फडक्यात येतं. म्हणजे तो गोल डाग नव्हताच. डाग म्हणजे वर काहीतरी जास्तीचं असणं. इथे दगडाचा वरचा गुळगुळीत पापुद्रा कमी झाला होता. जे नाहीच ते पुसणार कसं? पॉलिश करणारा माणूस बोलावून सगळी पट्टी घासून घेतली तरच तो जाईल. मी नाही बोलावला. गोल अजून आहे.

त्या निमित्ताने मी घरातल्या जमिनींची पहिल्यांदाच ओळख करून घेतली. इतकी वर्षं पायाखाली होत्या, पण कोण कुठल्या जातीचं हे ठाऊक नव्हतं. संगमरवर, चुनखडीचे सगळे दगड, संगमरवराचे तुकडे सिमेंटात बसवलेला मोझॅक, या सगळ्यांचं आम्लाशी हाडवैर. व्हिनेगर नको, लिंबूही नको. ग्रॅनाइट वेगळ्या कुळातला. आम्ल तो सोसतो, पण त्याच्यावरचा लेप सोसेलच असं नाही. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड फरशा चिवट, मात्र त्यांच्या सांध्यांमध्ये भरलेलं सिमेंट रोजच्या आम्लाने हळूहळू झिजतं. लाकडाला आम्लापेक्षा पाण्याचंच भय जास्त: फडकं पिळून पिळून नुसतं दमट करावं, नाहीतर फळ्या फुगतात. आणि लिनोलियम, जे जवसाच्या तेलापासून करतात, त्याला उलट सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मानवत नाही. म्हणजे ‘फरशी कशाने पुसावी’ या प्रश्नाआधी ‘कुठली फरशी’ हा प्रश्न आहे, आणि तो न विचारताच मी बाटली उपडी केली होती.

दुसरा प्रयोग फेसाचा. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की जो फसफसाट होतो तो पाहून कुणालाही वाटेल की आता मळाची खैर नाही. मलाही वाटलं. आठवडाभर मी रोज बादलीत हा देखावा करत होतो, भाचीला कडेवर घेऊन. तिला तो फार आवडायचा. त्याचा एवढाच उपयोग होता. आम्ल आणि सोडा एकमेकांना भिडतात, दोघेही संपतात, वायू उडून जातो आणि बादलीत उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या गरीब क्षाराचं पाणी. व्हिनेगर सुटं असतं तर त्याने क्षार काढले असते, सोडा सुटा असता तर त्याने तेलकटपणा थोडा सैल केला असता. दोघांना एकत्र आणून मी दोघांचंही काम काढून घेतलं होतं.

तिसरा प्रयोग जरा शास्त्रशुद्ध होता, म्हणजे त्यातली फजितीही शास्त्रशुद्ध झाली. वनस्पती तेलापासून केलेला साधा द्रव साबण आणला, त्याचं पाणी केलं आणि चकाकी यावी म्हणून त्यात थोडं व्हिनेगर टाकलं. बादलीतलं पाणी फाटलं. नासलेल्या दुधासारखे पांढरे चिकट गोळे वर तरंगायला लागले आणि फडक्याला असे चिकटले की ते फडकं पुढे कशाच्याच कामाचं राहिलं नाही. साबण म्हणजे तेलातली मेदाम्लं आणि अल्कली यांची सोयरीक. आम्ल टाकलं की सोयरीक मोडते आणि मेदाम्लं आपल्या मूळ चिकट रूपात परत येतात. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबणात आम्ल घालूनच ही मेदाम्लं वेगळी काढली होती आणि १८२३ साली त्यावर आपला मोठा ग्रंथ छापला. तो माणूस १०२ वर्षं जगला. मी त्याचाच प्रयोग केला होता, फक्त मला घरची फरशी पुसायची होती.

आता फळांच्या सालींचं. हे सांगताना बायको अजून हसते. एक भाग साखर, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली, दहा भाग पाणी, बाटलीत भरून तीन महिने ठेवायचं. त्याला ‘बायो एन्झाइम’ असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात ते सालींचं आंबवण. जंतू साखर खातात, आधी थोडा अल्कोहोल आणि बराच वायू करतात, मग आम्लं होतात. तयार झालेलं पाणी चांगलं आंबट असतं आणि पातळ करून वापरलं तर सिरॅमिकच्या फरशीवर ते व्हिनेगरसारखंच वागतं. सुरुवातीचे आठवडे मात्र रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. मी झाकण घट्ट लावलं आणि आम्ही चार दिवस गावाला गेलो.

परत आलो तर न्हाणीघराच्या छताला साली चिकटलेल्या होत्या. छताला!

उरलेली एक बाटली धीराने सांभाळली, पण माझा धीर बाटलीपेक्षा कमी पडला असावा. आंबवण पूर्ण झालं नव्हतं, साखर शिल्लक होती. त्या पाण्याने फरशी पुसली आणि संध्याकाळी मुंग्यांची रांग खिडकीपासून पलंगापर्यंत. आई म्हणाली, “निसर्ग घरात आणायचा होता ना तुला? आला बघ.”

चेष्टेचा भाग सोडला तर ‘नैसर्गिक’ या शब्दाने मला या काळात बरंच काही गिळायला लावलं असतं. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, खाणीतून निघतो, म्हणजे पुरेपूर नैसर्गिक. पण बोरॉनचे हे क्षार युरोपीय संघाने प्रजननाला अपायकारक म्हणून वर्गीकृत केले आहेत. तान्हं मूल रांगतं त्या फरशीवर मी तो पसरणार नाही. कापूर झाडापासूनही मिळतो, आणि लहान मुलाने थोडा जरी खाल्ला तरी झटके येऊ शकतात. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, छान फेस येतो, फरशी खरोखर स्वच्छ निघते. ते डोळ्यांत गेलं तर मात्र आग होते आणि माशांना ते विषच. टी-ट्रीच्या तेलाचे चार थेंब बादलीत टाकले की घर ‘स्वच्छ’ वासाने भरतं, पण आमच्या घरी मांजर आहे. अशा तेलांमधले काही पदार्थ मोडून बाहेर टाकायची यकृताची जी वाट माणसाकडे असते, ती मांजरात फार तोकडी आहे. आणि मांजर फरशीवर लोळतं, मग स्वतःला चाटून पुसतं. भाचीसारखंच, फक्त जास्त नेटाने. ते तेल मी फेकून दिलं.

तेवढी एकच गोष्ट आवाज चढवून सांगतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तोच वायू जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता. दारं लावलेल्या न्हाणीघरात तो थोडासाही फार होतो. अमोनियाबरोबर ब्लीच गेलं तर क्लोरामाइन, तेही छाती जाळणारं. आणि घरी केलेलं कुठलंही पाणी सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये, नाव लिहिल्याशिवाय तर नाहीच. विकतच्या बाटलीवर निदान एक सूचना छापलेली असते. माझ्या सात बाटल्यांवर काहीच नव्हतं, आणि घर नैसर्गिक झाल्याच्या आनंदात त्या सगळ्या खालच्या फळीवर होत्या.

हे लक्षात आलं त्या रात्री मी त्या सातही ओतून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काहीतरी सांडून वाळलेलं होतं. दगडासारखं घट्ट. मी उकिडवा बसून घासत होतो; साधं पाणी, कोमट पाणी, सोड्याची पेस्ट. घाम निघाला. आई काठी टेकत आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली. “अरे, मारामारी कशाला करतोस त्याच्याशी? ओलं फडकं टाकून ठेव घटकाभर. आपणहून सोडेल.”

टाकलं. पेपर वाचला. पंधरा मिनिटांनी फडकं उचललं तर फडक्याबरोबरच सगळं निघून आलं.

हर्बर्ट सिनर नावाचे एक जर्मन रसायन अभियंता हेंकेल कंपनीत होते. धुण्याची यंत्रं आणि धुण्याची द्रव्यं हा त्यांचा विषय. १९५९ साली त्यांनी सफाईचं एक वर्तुळ मांडलं, जे सफाईच्या धंद्यात आजही शिकवतात. कुठलाही मळ निघायला चार गोष्टी लागतात: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. चारही मिळून वर्तुळ पूर्ण व्हायला हवं. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्या कुणाचा तरी वाढवावा लागतो, नाहीतर मळ तिथेच राहतो. आईला सिनर माहीत असायचं कारण नाही. तिने फक्त माझं घासणं कमी करून वेळ वाढवला होता.

मी या वर्तुळावर बरेच दिवस अडकून होतो, कारण माझ्या सगळ्या उत्साहाचं गणित त्यात उघडं पडत होतं. विकतच्या द्रवाने रसायनाचा वाटा मोठा केलेला असतो. म्हणून तर एक हात फिरवला की काम होतं. बाटलीतून आपण हाताचे श्रम विकत घेतलेले असतात. ती बाटली काढून टाकली तर ते श्रम कुठेतरी परत यायचेच. प्रश्न इतकाच की कुणाच्या हातात.

तीन वर्षांपूर्वी, बायकोचे गुडघे चालत होते तेव्हा, मला हे वेड लागलं असतं तर काय झालं असतं? मी व्हिनेगर आणलं असतं. मीच पाण्याचं प्रमाण सांगितलं असतं, मीच मित्रांना सांगितलं असतं की आमच्या घरी आता रसायनं नाहीत. आणि त्या वर्तुळातला वाढलेला वाटा तिने भरला असता, गुडघ्यांवर बसून. गुडघ्याच्या वाटीवर सतत भार पडून तिच्यापुढची पिशवी सुजते, त्या दुखण्याचं इंग्रजीतलं जुनं नाव ‘हाउसमेड्स नी’ आहे, म्हणजे सरळ सरळ मोलकरणीचा गुडघा. बायकोचं दुखणं ते नव्हतं, तिची कूर्चाच झिजली होती. त्यात फरशीचा वाटा किती हे डॉक्टरांना विचारायचं माझं धाडस झालं नाही.

बाटलीची बाजू घेण्यासाठी हे म्हणत नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त माणसांच्या फुप्फुसांची वीस वर्षांची मोजमापं तपासली आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं की घरी किंवा कामावर नेहमी सफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची ताकद, सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त वेगाने उतरत गेली. वर्षानुवर्षं नाकात जाणारी सफाईची द्रव्यं हे त्यांना संभाव्य कारण वाटलं. पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. मला मात्र त्या अभ्यासातली एक कबुलीच जास्त लक्षात राहिली. तुलनेसाठी ‘सफाई न करणाऱ्या स्त्रिया’ हव्या होत्या, आणि त्या फारच थोड्या मिळाल्या.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती पाय स्टुलावर ठेवून बसली होती. म्हणाली, “आता त्यांना माझं नाव कळव.”

तर मग सध्या काय करतो? सांगण्यासारखं फार नाही, आणि त्याचंच मला बरं वाटतं.

दाराशी चपला-बूट काढायला लावतो आणि जाड पायपुसणं रोज झटकतो. फरशीवरची बरीचशी माती तळव्यांवरून आत येते. आत आलीच नाही तर पुसायला नको. मग केर. नीट, कोपऱ्यांतून, पलंगाखालून. केर न काढता पोतेरं फिरवणं म्हणजे कोरडी धूळ ओली करून सगळीकडे सारखी वाटणं, हे मला कळायला लाज वाटावी इतका वेळ लागला. मग दोन बादल्या. एकीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे अगदी चार-पाच थेंब. दुसरीत साधं पाणी, फडकं खळबळायला. एकाच बादलीत बुडवत राहिलं तर तिसऱ्या खोलीपर्यंत आपण पहिल्या खोलीचा मळच पुसत असतो. दुसऱ्या बादलीतलं पाणी काळं झालं की ओतायचं आणि नवं घ्यायचं, आळस न करता. सबंध घराला तीनदा बदलावं लागतं.

साबण चार-पाच थेंबच का? कारण फरशी सुकते तेव्हा पाणी उडतं, साबण मागे राहतो. जास्त घातला की त्याचा अदृश्य चिकट पापुद्रा बसतो आणि धूळ त्याच्यावर येऊन ठाण मांडते. फरशी रोज पुसूनही दुपारी पायाला लागते. आपल्याला वाटतं साबण कमी पडला आणि आपण आणखी घालतो. त्यात पाणी जड असेल, शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे ते, तर खरा साबण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधला जाऊन राखाडी साका सोडतो. भांड्यांचा द्रव साबण म्हणजे खरं तर साबण नव्हे, बनवलेला डिटर्जंट; म्हणून तो तसं करत नाही. होय, तो विकतचा आहे आणि कारखान्यातला आहे. चार थेंबांच्या बाबतीत मी तत्त्वाला मुरड घातली. शुद्धतावाद्यांनी माफ करावं, किंवा माझ्याकडे येऊन तीन खोल्या पुसून दाखवाव्यात.

व्हिनेगर घरात आहे. महिन्यातून एकदा न्हाणीघराच्या सिरॅमिकवरच्या क्षारांसाठी, पातळ करून, लगेच साध्या पाण्याने धुऊन. खायचा सोडाही आहे: तेल सांडलं तर आधी कोरडा भुरभुरवतो, तो तेल शोषतो, मग झाडून घेतो. उंबरठ्याच्या संगमरवराला फक्त पाणी.

जंतूंचं काय, असं बहीण फोनवर विचारते. व्हिनेगर काही जंतू मारतं, काही त्याला दाद देत नाहीत. निर्जंतुकीकरण त्याच्या भरवशावर सोडू नये. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले, तर त्या जागेपुरतं मी ब्लीच वापरतो, बाटलीवरच्या प्रमाणात, खिडक्या उघडून, दुसरं काहीही न मिसळता. रोजच्या फरशीला त्याची गरज नाही. तिथे जंतू मारण्यापेक्षा ते मळासकट उचलून मोरीत सोडणं पुरतं, आणि ते काम पाणी आणि फडकं करतं.

फडकं म्हणजे जुनी सुती चादर, चार तुकडे केलेली. आई त्याला पोतेरंच म्हणते. आपल्याकडे हा शब्द शिवीच्या अंगाने जातो. ‘माझं पार पोतेरं केलंत’ असं घरातली बाई वैतागून म्हणते तेव्हा ऐकणारे मान खाली घालतात. ‘केलेल्या कामावर बोळा फिरवला’ म्हणजे सगळं मातीत घातलं. पुसण्याची सगळी अवजारं भाषेत बदनाम आहेत, चकाकी मात्र फरशीच्या नावावर. मी पूर्वी काम झालं की ते फडकं बादलीच्या काठावर ओलंच टाकून द्यायचो; संध्याकाळपर्यंत ते आंबूस वासाने भरायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच वास घरभर. त्या वासावर मात करायला म्हणून तर सुवासिक द्रव लागत होता. आता पोतेरं गरम पाण्यात धुतो, पिळतो आणि उन्हात ताणून वाळत घालतो, कपड्यांच्या दोरीवर, शर्टांच्या शेजारी. पहिल्यांदा घातलं तेव्हा बायकोने काही न बोलता दोन चिमटे आणून दिले.

भाची आता तीन वर्षांची झाली आहे. परवा आली होती. उंबरठ्यावर बसून तिने त्या मंद गोलावर बोट फिरवलं आणि विचारलं, “मामा, इथे काय सांडलंय?”

“काही नाही सांडलं. ते जात नाही.”

“आजीला विचारलंस?”

मी हसलो आणि कामाला लागलो. थोड्या वेळाने बघतो तर दोरीवरचं पोतेरं खाली ओढलेलं, न्हाणीघरापासून उंबरठ्यापर्यंत पाण्याची धार, आणि गोलावर ओल्या फडक्याची घडी व्यवस्थित मांडलेली. ती शेजारी मांडी घालून बसली होती. मला हाताने थांबवत म्हणाली, “हात नको लावू. घटकाभर ठेवायचंय.”